पाटलाची गाडी पुढं

आमच्या गाडीतला कापूस पेटला तेव्हा मी त्याच कापसावर पालथी पडून बोरं खात होते. आधी वास आला. मला वाटलं, बाबांच्या चिलमीचा असेल. मग पोटरीला चटका बसला. वळून पाहिलं तर कापसावरून एक पिवळी जीभ सरपटत माझ्याकडं येत होती.

कापूस लाकडासारखा जळत नाही. वरचा कापूस भर्रकन जातो आणि आत, जिथं तो पाय देऊन दाबलेला असतो, तिथं विस्तव दबून बसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी नऊ वर्षांची होते. आत्या पुढं धुरीवर, गाडीच्या पुढच्या दांड्यांवर, कासरा धरून बसली होती. तिनं मागं पाहिलं, माझा पाय धरला आणि ओढून मला खाली टाकलं. गुडघे सोलले, बोरं मातीत गेली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला बोरांचंच वाईट वाटलं.

आम्ही एका नळीत उभ्या होतो. नळी म्हणजे जमिनीत खोल गेलेली गाडीवाट, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच मातीचे काठ. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच रुंदी. आमच्या गावच्या बारा गाड्या कापूस घेऊन अकोल्याला निघाल्या होत्या आणि त्या बाराही तिथं एकामागं एक अडकून उभ्या होत्या. सगळ्यांत पुढं बाबांची गाडी, बाबा गावचे पाटील म्हणून. दुसरी आत्याची, म्हणजे आमची, पाटलांची बहीण म्हणून. मागं आणखी दहा. सगळ्यांवर कापूस. बाबांची गाडी वीस हात पुढं सरकली असती तर नळी संपत होती, पुढं मोकळं रान होतं. तेवढंच करायचं होतं. ती गाडी हलली नाही तर एकामागं एक बाराही गाड्या पेटणार होत्या, आणि बैल जुंपलेले होते.

बाबा काठावर उभे होते. त्यांनी तिथून आरोळी ठोकली, "पानी आना! सगळ्याईनं पानी आना!"

आणि दहा माणसं पाणी आणायला धावली. नाला मागं पाव कोस होता. दहा थोराड बाप्यांनी जुंपलेले बैल तसेच सोडले, गाडीखाली टांगलेले लोटे काढले, काठावर चढले आणि नाल्याकडं पळत सुटले. बाबांची गाडी हाकणारा आमचा सालदारही त्यांतच. एका लोट्यात चूळ भरण्यापुरतं पाणी मावतं. जळता कापूस लोट्यानं विझत नाही हे त्यांतल्या एकूणएक माणसाला माहीत होतं, जन्म कापसात गेला होता त्यांचा. पण पाटील म्हणाले पाणी आणा, तर पाणी आणायचं.

गाड्या तिथं उभ्या का होत्या हे सांगायला पाहिजे.

त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाला असा भाव आला होता की लोक खुळे व्हायचे तेवढे राहिले होते. दूर कुठंतरी लढाई चालू होती, कोण कोणाशी लढतंय ते आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती थांबू नये म्हणून मारुतीला नारळ फुटत होते. ज्यांच्या घरी मातीची गाडगी होती त्यांच्या घरी पितळी घागरी आल्या. बायकांच्या पायांत चांदीचे वाळे आले. आमच्या धुऱ्याशेजारच्या माणसानं, ज्याच्या शेताला आमचं शेत लागून होतं, अमरावतीच्या बाजारातून पांढऱ्या बैलांची जोडी आणली. शिंगांना पितळेच्या टोप्या. ते बैल चालत नसत, उडत.

याआधी गावात चांगली जोडी एकच, पाटलांची. पितळी घागर पहिली पाटलांची. आता सगळ्यांकडं सगळं झालं. बाबांकडं त्यांचं एकट्याचं म्हणून फारसं काही उरलं नाही. एक उरलं ते म्हणजे पुढची गाडी. पाटलाच्या गाडीपुढं कोणी गाडी न्यायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला एकेकाळी अर्थ होता. वाट धड नव्हती, लुटारू असत, पुढच्यानं चाकोरी शोधायची, नाक्यावर बोलायचं, भांडण झालं तर पहिला मार खायचा. म्हणून पाटील पुढं. माझ्या लहानपणी लुटारू राहिले नव्हते आणि चाकोरी इतकी खोल झाली होती की झोपलेला बैलही अकोल्याला पोचला असता. रीत मात्र होती.

त्या दिवशी सकाळी बैलांना पाणी पाजलं त्या ठिकाणाहून निघताना धुऱ्याशेजाऱ्याचे पांढरे बैल उधळल्यासारखे निघाले आणि बाबांच्या गाडीला मागं टाकून गेले. त्यानं मुद्दाम केलं की नाही, मला सांगता येत नाही. तोंडावरून तरी मुद्दाम वाटलं.  तो पुढं जाऊन थांबला, बाबांना वाट दिली आणि आमच्या मागं तिसरा लागला. पण नळीत शिरल्यावर, जिथून कोणालाच पुढं निघता येत नाही अशा जागी, बाबांनी सालदाराला गाडी थांबवायला सांगितली. स्वतः काठावर चढले, दगडावर बसले आणि चिलीम भरली.

"ज्याले घाई हाये त्यानं जावं वरून," ते मोठ्यानं म्हणाले.

 बारा गाड्या उभ्या. आत्या तेवढी पुटपुटली, "पाटलाले लहानपनीबी असंच होतं. माय भाकर द्यायची नाई तर उंबऱ्यात बसून राहायचा."

चिलीम ओढून झाल्यावर बाबांनी ती दगडावर आपटली. वारा आमच्याकडं होता.

तर ठिणगी कुठून आली ते सगळ्यांना माहीत होतं. ज्यांनी पाहिलं त्यांना, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही.

आता पुन्हा नळीत. माणसं पाण्याला गेली. धुऱ्याशेजारी तेवढा गेला नाही, कारण आमच्यानंतर पेटणार होता त्याचाच कापूस. तो बाबांच्या गाडीकडं, आमच्या बोलीत बंडीकडं, धावला. "पाटील, बंडी काहाडतो मी पुढं!"

बाबा काठावरून ओरडले, "खबरदार माह्या बंडीले हात लावशील तर!"

मला आजही वाटतं, बाबांना त्या वेळी आग दिसतच नव्हती. त्यांना दिसत होता फक्त सकाळी पुढं गेलेला माणूस. आणि तो माणूस, शिंगांना पितळ लावणारा, बैल उडवणारा, जागच्या जागी थांबला. हात खाली पडले त्याचे. पाटलाच्या शेजारून जाणं वेगळं आणि पाटील नको म्हणत असताना त्याच्या गाडीला हात लावणं वेगळं.

आत्यानं तोवर आपल्या बैलांच्या तोंडासमोर उभं राहून दोन्ही वेसणी धरल्या होत्या. डोक्यावरचा पदर काढून एका बैलाच्या डोळ्यांवर टाकला होता. दुसऱ्याचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं. तिला तिथून हलता येत नव्हतं. तिनं हात सोडले असते तर बैल जळती गाडी घेऊन बाबांच्या गाडीत घुसले असते. ती ओरडलीसुद्धा नाही. मला म्हणाली, "पोट्टे, तुह्या बापाची बंडी हाक."

"बाबा मारतील."

"मारतील. पन जिती राह्यलीस तरच मारतील ना? जाय."

मी बाबांच्या गाडीवर चढले. पाटलाच्या गाडीचा कासरा आमच्या घरातल्या कोणा मुलीनं कधी धरला नव्हता. बाबांनी मला पाहिलं. "उतर! खाली उतर आधी!" त्यांचा आवाज केवढा होता ते आमच्या गावातल्या कोणीही सांगितलं असतं. त्या आवाजावर दहा माणसं पाणी आणायला गेली होती.

मी उतरले नाही. का, याचा मी पुढं खूप वेळा विचार केला. धीट नव्हते मी, बाबांची मला फार भीती होती. पण बाबा वर होते आणि आत्या खाली होती. तिच्या पाठीमागं आग होती, आणि ती मला जे करायला सांगत होती त्याच्या दुप्पट स्वतः करत होती. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं.

बैल हलेनात. त्यांना सालदाराची सवय. मी हाकलं, कासरा झटकला, शेपट्या पिरगळल्या, माझ्या हातांत जोर तो किती. मागून आत्या म्हणाली, "शेपटाले चाव!"

मी चावले. चव सांगत नाही. बैलानं जी उडी घेतली ती मोकळ्या रानात जाऊनच थांबली. मी कापसावर उताणी पडले होते आणि आभाळ पाहत होते.

माझ्या मागोमाग आत्या जळती गाडी घेऊन बाहेर आली. ती मागं मागं चालत होती, बैलांकडं तोंड करून, वेसणी धरून, आणि त्यांच्याशी रोज गोठ्यात बोलायची तसं बोलत होती. कापूस उसळून उसळून तिच्या अंगावर येत होता. बाबांची गाडी निघाली तसे धुऱ्याशेजाऱ्याचे हात मोकळे झाले. तो विळा घेऊन धावला आणि त्यानं जोती कापली, म्हणजे बैलांच्या गळ्याला जू बांधून ठेवणारे पट्टे. बैल सुटले, गाडी मागं कलंडली आणि आत्याचा वर्षाचा कापूस रानात एकटा जळत राहिला. नळीतल्या दहा गाड्यांना झळही लागली नाही.

तेवढ्यात ती दहा माणसं लोटे घेऊन आली. धावताना अर्धं पाणी सांडलं होतं. गाडीची राख होत आली होती. तरी पाटील पाहत होते म्हणून प्रत्येकानं ओळीनं पुढं होऊन आपापला लोटा त्या राखेवर ओतला. चर्र, चर्र, असे नऊ आवाज झाले. आमच्या सालदारानं मात्र शेवटचा लोटा आत्याच्या हातावर ओतला. दहापैकी त्या एकाच लोट्याचा उपयोग झाला.

आत्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. केस कानापर्यंत जळले होते, एका बाजूचे जास्त. ती म्हणाली, "चला. अकोल्याले भाव आपली वाट पाहून नाई राह्यला." बाबा आपल्या गाडीवर बसले. आत्या आणि मी धुऱ्याशेजाऱ्याच्या गाडीवर. वाटभर मी मार कधी पडतो याची वाट पाहत राहिले.

अकोल्यात मोर्णा नदीपलीकडं, जुन्या शहरात एका आडत्याच्या आवारात आम्ही कापूस उतरवायचो. आडत्याच्या बायकोनं आत्याच्या हाताला चुन्याची निवळी आणि तेल घुसळून लावलं आणि पट्टी बांधली. आवारात माणसं बसली होती, भाकरी सोडली होती. आडत्यानं विचारलं, "आग लागली कशी?"

एक म्हणाला, आस घासला, आसातून लागली. दुसरा म्हणाला, ऊन लागलं. हिवाळ्याचे दिवस होते. तिसरा म्हणाला, त्या नळीत पूर्वी एक बाई मेली होती, तिचं ते काम. सालदार म्हणाला, "कापूसच गरम होता, मालक. भावानं गरम झाला होता." सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

त्यांनी मला हाक मारली. "इकडं ये."

मी गेले. 

"माही बंडी कोनाच्या हुकमानं हाकली?"

"आत्याच्या."

"आन मी उतर म्हनत होतो ते?"

"आयकू आलं होतं."

बाबांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. तेव्हा आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, आवाज न चढवता, "पाटील, मारा. तुमची पोरगी हाये. पन मारायच्या आधी याईले सांगा, चिलीम कोनाची होती."

मी एक डोळा उघडून पाहिलं. बाबांचा हात वरच होता. तो हळूहळू खाली आला आणि कमरेला खोचलेल्या चिलमीवर गेला. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम त्यांनी तेव्हा केलं. सगळ्यांच्या तोंडांकडं पाहून ते म्हणाले, "माही."

यावर काय झालं असेल? सालदार लगेच म्हणाला, "नाई पाटील, असं कसं. आसातूनच लागली."

दुसरा म्हणाला, "म्या सोता पाह्यलं, पाटील. आसातून धूर येऊन राह्यला होता."

"अरे, मी सांगतो ना, माह्या चिलमीनं लागली!"

"तुमच्या चिलमीनं काहून लागंल?"

बाबा उठून उभे राहिले. ज्या आवाजात त्यांनी पाणी मागवलं होतं त्याच आवाजात ओरडले, "चिलीम माही होती! ठिनगी माही होती! आयकलं का?"

मग सगळे म्हणाले, "तुमी म्हनता तर असंल, पाटील."

आत्या इतकी हसली की आडत्याची बायको तिच्या हाताला लावलेली पट्टी सुटली म्हणून ओरडली. बाबांनी आधी तिच्याकडं रागानं पाहिलं. मग ते खाली बसले आणि तेही हसले. पोट धरून. मी तोपर्यंत बाबांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आडत्याला काहीच कळेना, त्याला वाटलं खेड्यातली माणसं अशीच असतात. मार काही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघायला गाड्या जुंपल्या. आत्याला गाडी नव्हती, दोन बैल तेवढे मागं बांधून न्यायचे होते. सगळे बाबांची गाडी पुढं लागायची वाट पाहत होते. बाबा आले, कासरा उचलला आणि आत्यापुढं धरला.

"बाई, तू हाक."

"मले एकच हात हाये आज."

"तरी माह्यापक्षा बरी हाकशील."

"आन तुमी?"

"मी बसतो मागं."

धुऱ्याशेजारी मागून म्हणाला, "पाटील, मंग मी जाऊ का पुढं?"

"जाय वरून," आत्या म्हणाली. पुन्हा सगळे हसले, तोही.

अशी ती तोड निघाली. रीत मोडली नाही, पाटलाची गाडीच पुढं होती. हाकणारी फक्त बदलली. पुढच्या खेपांनाही पाटील गाडीत मागं तोंड करून बसायचे आणि मागच्यांना हुकूम द्यायचे, हळू चाला, अंतर ठेवा. अंतर ठेवा हा हुकूम मात्र कामाचा होता. आत्यानं आपले दोनच नियम केले. नळीत कोणी थांबायचं नाही, आणि सगळ्यांच्या चिलमी शेवटच्या गाडीत, एका डब्यात. शेवटची गाडी रिकामी असायची, तिच्यात वैरणही नसायची. ज्याला तल्लफ आली त्यानं उतरून मागं चालत जायचं. बाबाही जायचे. अकरा गाड्यांच्या बाजूनं पाटील मागं चालत जाताना पाहून सुरुवातीला लोक मान खाली घालायचे. मग सवय झाली.

बाबा काही टाकाऊ माणूस नव्हते, हेही लिहिते. नाक्यावरच्या शिपायाशी, साहेबाशी बोलावं ते त्यांनीच. आत्याला ते जमत नव्हतं, ती शिपायाला पहिल्या वाक्यात शिवी द्यायची. गावात मुलींची शाळा निघाली तेव्हा साहेबाला मुली दाखवायला पाहिजेत म्हणून बाबांनी स्वतःच्या मुलीला पहिली बसवली. मग बाकीच्यांना बसवाव्या लागल्या, कारण पाटील म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकले ती अशी, आणि हे लिहिते आहे ते त्याच हुकमामुळं. हुकूम वाईट नसतो. तो आग लागल्यावर काठावरून दिला की वाईट.

पुढं ती दूरची लढाई थांबली, भाव पडला. धुऱ्याशेजाऱ्यानं पांढरे बैल विकले, पितळेच्या टोप्या ठेवून घेतल्या. आगगाडी आली आणि आमचा कापूस मूर्तिजापुराहून जाऊ लागला. नळी गवतानं बुजली. आता आमच्या गावात दर निवडणुकीला कोणी ना कोणी पुढारी होऊन येतो आणि मला म्हातारीला पाया पडून विचारतो, आजी, आशीर्वाद द्या. मी त्याचे हात पाहते. मऊ असतात. मग मी विचारते, बैलाची शेपटी कधी चावलीस का? त्याला वाटतं, म्हातारीला भ्रम झाला.

त्या दिवशी नळीत चौदा माणसं आणि चोवीस बैल होते. आत्याचा डावा हात पुढं पूर्ण वळला नाही, ती सत्तरी ओलांडून गेली. तिचा एक बैल एका डोळ्यानं आंधळा झाला आणि त्यानंतर सहा वर्षं गाडीला चालला. बाकी सगळे वाचले, धडधाकट, आणि त्यांत बाबाही होते.